दोन फूट फिल्म

शनिवार, ता. १८ नोव्हेंबर १९७२. वडूज.

तंबू उभा राहिला, पडदा ताणून झाला, जनरेटर दोन लाथा खाऊन सुरू झाला. यंदाचा हंगाम कालपासून सुरू. आमचे मालक बाळासो आठ दिवस एकच पालुपद लावून बसले होते, असल्या दुष्काळात सिनेमाला कोण येतंय. मी म्हणत होतो, दिवसभर खडी फोडलेल्या माणसालाच सिनेमा लागतो. काल पहिल्या खेळाला तंबू भरला. मालक माझ्याशी काही बोलले नाहीत, म्हणजे माझं खरं ठरलं.

या वहीचं कारण लिहून ठेवतो. दिवाळीला सांगलीकडे गावी गेलो होतो, तेव्हा आईनं विचारलं, भूपाल, प्रतिक्रमण करतोस का? दिवसभरातले आपले दोष संध्याकाळी आठवायचे, मनाशी कबूल करायचे आणि क्षमा मागायची, ही आमच्या जैन घरातली रोजची रीत. पण माझी संध्याकाळ यंत्रापाशी जाते. दिवस मावळायच्या आत जेवतो, तेवढाच काय तो धर्म उरलाय. आईला म्हटलं, दुसऱ्या दिवशी सकाळी वहीत लिहून काढीन. ती म्हणाली, लिही, पण खरं लिही.

तर कालचा दोष. खेळाआधी सरकारी न्यूज दाखवणं सक्तीचं आहे. दहा मिनिटांचं रीळ, दर शुक्रवारी नवं येतं. नवं म्हणजे शहरं फिरून, झिजून, दहा-अकरा महिन्यांनी आमच्या वाट्याला येतं. ती चालू असताना लोक शिट्ट्या मारत जागा धरतात, दारावरचा धुळा तिकिटं फाडत असतो आणि मी यंत्राकडे पाठ करून चहा पितो. बारा वर्षांत एक न्यूज मी धड पाहिलेली नाही. हा दोष म्हणायचा का, माहीत नाही. पहिल्याच दिवशी याहून मोठा सापडला नाही.

रविवार, ता. १९ नोव्हेंबर

काल न्यूज चालू असताना बायकांच्या बाजूला एक म्हातारी उठून उभी राहिली. बरोबर उजेडाच्या झोतात. पडद्यावर तिच्या डोक्याची ही मोठी सावली. मी यंत्रापुढच्या भोकातून ओरडलो, खाली बसा बाई, घर न्हाई का तुम्हांला. लोक हसले.

खेळ संपल्यावर धुळा तिला माझ्याकडे घेऊन आला. राहीबाई तिचं नाव, दोन कोसांवरच्या वाडीतली. मुलगा कृष्णात पलटणीत होता. गेल्या साली डिसेंबरात लढाई चालू असताना तार आली, दहा तारखेपासून बेपत्ता. त्यानंतर वर्ष होत आलं, हो नाही की नाही नाही. आणि काल तिला तो पडद्यावर दिसला.

म्हणाली, परत दावा. मी म्हटलं, आता नाही, उद्या या. ती तिथंच खाली बसली. बरोबरच्या सुनेनं हाताला धरून उठवलं.

त्या बाईवर मी ओरडलो. 

मंगळवार, ता. २१ नोव्हेंबर

ती रोज येते. धुळा तिकीट मागत नाही. न्यूज संपली, मुख्य चित्र सुरू झालं, की सासू-सुना उठून चालायला लागतात. दोन कोस येणं, दोन कोस जाणं, मधे दहा मिनिटांची न्यूज.

मी आता भोकाला डोळा लावून बघतो. लढाई थांबल्यानंतरचं दृश्य आहे. निवेदक तसं सांगतोच. एका ट्रकपाशी सात-आठ जवान मग्यातून चहा पितात. एकेक जण ट्रकमध्ये चढतो. शेवटचा चढता चढता खांदा टाकून वळतो आणि आपल्याकडे बघून हसतो. ट्रक निघतो. सगळं मिळून पंधरा सेकंद. त्यातलं हसणं दीड सेकंदसुद्धा नाही.

आज रिटायर सुभेदार आप्पासो आले. मोठा माणूस, मिशीला अजून पीळ. ते म्हणाले, हे साधं नव्हे. पोरगं दहा तारखेला बेपत्ता झालं आणि हा फोटो लढाई थांबल्यानंतरचा, म्हणजे सोळाच्या पुढचा. तेव्हा ते जितं होतं. कुठल्या तरी दवाखान्यात असेल, नाव चुकलं असेल. ते अर्ज लिहिणार. पण नुसत्या म्हातारीच्या शब्दावर कोणी हलायचं नाही, अर्जाला चित्र जोडायला पाहिजे. त्यांनी हसण्याचा तेवढा तुकडा मागितला.

सरकारी रिळाला कात्री लावणं गुन्हा आहे. तरी मी कबूल केलं. गुरुवारी शेवटचा खेळ झाला की कापतो, फिल्म फाटली म्हणून कळवतो. राहीबाईंनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तीन-चार दिवसांपूर्वी मी याच बाईवर खेकसलो होतो.

बुधवार, ता. २२ नोव्हेंबर, दुपार

सून आली होती, एकटी. लीलाबाई. पंचविशीची असेल. खडीच्या कामावरनं तशीच आली होती, हातावर पांढरी धूळ. यंत्र बघायचं म्हणाली. मला कोणी यंत्राविषयी विचारलं की मी पाघळतो. उघडून सगळं दाखवलं. म्हटलं, चित्र हलत नाही वहिनी, ही सगळी थांबलेलीच चित्रं, सेकंदाला चोवीस पळतात म्हणून आपल्याला माणूस चालल्यासारखा दिसतो. कार्बनच्या दोन कांड्या एकमेकींजवळ आणल्या की मधे जो उजेड पडतो तो डोळ्यांनी बघवत नाही, आणि धग तर अशी की फिल्म पळते म्हणून वाचते.

ती म्हणाली, थांबली तर?

थांबली तर आपोआप एक झडप पडते आणि उजेड अडतो, मी सांगितलं. झडप नसती तर दोन आकडे मोजेपर्यंत वितळली असती. पूर्वीची फिल्म तर भडकायची, माझ्या गुरूचा हात त्यात भाजलाय. आताची नुसती वितळते. गेल्या साली उंब्रजला झडप अडकली होती, वितळलेली फिल्म यंत्राच्या तोंडाशी चिकटली आणि मागची दहा फूट गोळा होऊन चिंध्या झाल्या. हे सगळं मी फुशारकीनं सांगत होतो.

तिनं थोडा वेळ झडपेकडे बघितलं. मग म्हणाली, "भाऊ, आत्याबाईंस्नी एकडाव डोळं भरून बघू द्या. हसतोय तितं थांबवा."

मी म्हटलं, आत्ताच सांगितलं ना, जळेल.

"दोन आकडं म्हनलासा न्हवं. एकच मोजा."

तिच्या तोंडाकडे बघून मला नाही म्हणवेना. नवऱ्याला एक क्षण जास्त बघायचं, एवढंच मागते बिचारी. झडप बोटानं वर धरायची, मोटर थांबवायची, एक म्हणायचं, सोडायची. बारा वर्षांचा हात आहे माझा, तेवढं जमेल.

गुरुवार, ता. २३ नोव्हेंबर

जमलं नाही.

खरं लिही म्हणाली आई, म्हणून क्रमानं लिहितो. जवान वळला. मी झडप बोटानं उचलून धरली आणि मोटर बंद केली. पडद्यावर तो हसायच्या बेतात थांबला. तंबूतली शिट्टी न् शिट्टी थांबली. एक म्हणालो. झडप सोडायच्या आधी मोटरचं बटण दाबलं, ती अर्धा क्षण अडखळली. तेवढ्यात पडद्यावर त्याच्या गालावर एक तपकिरी डाग उमटला, फुगला, आणि सगळ्या तोंडावर पसरला. कढईत तेल उकळावं तसं ते तोंड उकळलं. मग नुसता पांढरा उजेड.

राहीबाई ओरडली नाही. ते मला जास्त लागलं.

मोटर सुरू झाली ती भलत्या वेळी. वितळलेली फिल्म यंत्राच्या तोंडाशी चिकटलेली, वरनं नवी येत होती, करकर आवाज आला. सात-आठ फूट चुरगळून फाटली. शेवटी यंत्र बंद करून मी ती हातानं ओढून काढली. बोटं भाजली. हसण्यातलं एक चित्रसुद्धा शाबूत राहिलं नाही. वळण्याआधीची त्याची पाठ तेवढी राहिली.

एक गोष्ट डोळ्यांपुढून जात नाही. मी बटण दाबायच्या आधी खाली बघितलं होतं. सगळा तंबू पडद्याकडे बघत होता. लीलाबाई एकटी मागं वळून यंत्राकडे बघत होती. तिला नवऱ्याचं तोंड बघवलं नसेल.

राहीबाई नंतर माझ्यापाशी आली. मला वाटलं शिव्या देईल. तिनं माझा हात उलटा करून बघितला आणि म्हणाली, लय भाजलं का रं बाबा? मी मान हलवली. कशाला हलवली, हो की नाही, ते माझं मलाच कळलं नाही.

शुक्रवार, ता. २४ नोव्हेंबर

रीळ सांधून पार्सलनं परत पाठवलं. चिठ्ठीत लिहिलं, प्रिंट जुनी, आपोआप फाटली. सुभेदारांना सांगितलं, झडप नादुरुस्त होती. बाळासो माझ्या बाजूनं बोलले, यंत्र म्हातारं झालंय म्हणाले. सुभेदारांनी बराच वेळ माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, एका दिवसानं हुकलं गड्या, पोराचं नशीब. आणि अर्जाचा कागद चार घड्या करून खिशात घातला.

लीलाबाईचं नाव मी कुणाला सांगितलं नाही. तिच्या मनाची काय गत झाली असेल.

दोष एकच लिहायचा तर खोटं बोललो हा लिहिला असता. पण खरा दोष तो नाही. खरा दोष हा की माझ्या हाताची मला घमेंड होती, आणि एका आईचा जिता मुलगा कुठे आहे ते सांगणारं एकच चित्र मी जाळलं.

रविवार, ता. ३ डिसेंबर

मधे लिहिलं नाही. रोज तोच दोष काय लिहायचा.

आज बाजारात सासू-सुना भेटल्या. राहीबाई कुणालातरी सांगत होती, म्या माज्या डोळ्यांनी बगितला, खांदा टाकून वळला, हसला, येतोय म्हनला. येतोय म्हणाला हे न्यूजमध्ये कुठेच नव्हतं. पण तिच्या तोंडावर तेज होतं. लीलाबाई म्हणाली, आत्याबाई आता दोन वेळा जेवतात, पहाटे उठून ओव्या म्हणतात. वर्षभरात आवाज निघाला नव्हता. आणि तिनं पदराच्या गाठीतनं भाजलेले हुलगे काढून माझ्या ओंजळीत घातले. असल्या दुष्काळात. वर माझ्याकडे बघून चक्क हसली.

मला धीर द्यायला हसली, आणि काय. हुलगे मला गिळवेनात. घरात वाट बघणं चाललंय, भाकरी जास्त थापतात, आणि त्या माणसाचा पत्ता लागायची एकुलती वाट मी बंद केली.

रविवार, ता. १० डिसेंबर

सांगलीहून जयपाळअण्णांचं पत्र आलं. मला हे काम शिकवलं त्यांनी. सांगलीतल्या एका थिएटरात आहेत, स्वतःसुद्धा यंत्रासारखे, वेळच्या वेळी. सहज म्हणून लिहिलंय, लढाईतल्या विजयाला वर्ष होतंय म्हणून सतरा तारखेला सकाळी शाळेच्या पोरांना गेल्या सालच्या न्यूज दाखवणार आहेत. पाच रिळं मागवली आहेत. नंबर लिहिलेत. तिसरा नंबर माझ्या रिळाचा, म्हणजे त्याच न्यूजची दुसरी प्रत.

पत्र तीनदा वाचलं. देवानंच दार उघडलं म्हणायचं.

सोमवार, ता. १८ डिसेंबर

आधी चोरी लिहितो, मग बाकीचं.

शनिवारी रात्रीच्या खेळाला बाळासोंनी विट्याचा माणूस बसवला आणि मी विट्यावरून सांगलीला गेलो. काल सकाळी खेळ झाला. मी अण्णांना सगळं सांगितलं. एवढंच नाही सांगितलं की झडप मी हातानं धरली होती. म्हटलं, दोन फूट द्या. अण्णा रीळ उलटं गुंडाळत होते, हात थांबला नाही. म्हणाले, "भूपाल, आपल्या धंद्यात नट्यांची चित्रं कापून पाकिटात ठेवणारे कमी नाहीत. त्यांनी कापलेलं आपल्याला दिसतं का? तिथं आल्यावर माणूस दचकतो, एवढंच. कापलेलं कुणाचं तरी हुकतं रे. मी चाळीस वर्षांत एक चौकट कापलेली नाही. कायद्यानं अर्ज कर, मी रिळाचा नंबर लिहून देतो."

अर्ज करायचा म्हणजे सहा महिने, आणि तोवर हे रीळ मोडीत.  अण्णा देवळात जाऊन येतो म्हणून उठले, पाच मिनिटांत येतो म्हणाले. मला त्या खोलीत एकट्याला ठेवून गेले, विश्वासानं.

कात्री कुठे असते ते मला माहीत होतं. तीच कात्री धरायला त्यांनी शिकवलं होतं. हसण्याचा तुकडा दोन फूट निघाला, बत्तीस चौकटी. दोन्ही टोकं खरवडून, फिल्म चिकटवायचं सिमेंट लावून असा सांधा केला की बोट फिरवलं तरी कळू नये. अण्णा परत आले तेव्हा मी हात पुसत होतो. त्यांनी खडीसाखरेचा प्रसाद दिला. तो मी घेतला.

तुकडा नीट बघितलाही नाही. गाडीत छातीशी धरून बसलो होतो. चोरी खरी, पण महिनाभरात पहिल्यांदा मला हलकं वाटत होतं.

बुधवार, ता. २० डिसेंबर

काल दुपारी वाडीत गेलो. सुभेदार आप्पासोंना बरोबर घेतलं. त्यांनी अर्ज नव्यानं लिहून आणला होता आणि वाचायचं भिंगही आणलं होतं. राहीबाईच्या दारातल्या लिंबाखाली आम्ही घोंगडं टाकून बसलो. मी वहीतनं तुकडा काढला आणि म्हटलं, आई, तुमचा मुलगा परत आणला.

लीलाबाई उंबऱ्यात उभी होती. ती मोठ्यानं नाही, माझ्यापुरतंच म्हणाली, "कशाला आनलंसा भाऊ?" मला वाटलं, आनंदानं म्हणते आहे. इतका मूर्ख मी.

राहीबाईनं हात पदराला पुसले. मी शिकवलं तशी कडेनं धरून तिनं फिल्म उन्हाकडे केली. सुभेदारांनी भिंग धरलं. ती एक चौकट बघायची, मग खालची, मग त्याच्या खालची. मला वाटलं, मन भरत नाही. मी हौसेनं सांगत होतो, ही बघा, इथं वळतोय, इथं ओठ उघडलेत. बत्तीसच्या बत्तीस चौकटी तिनं बघितल्या आणि परत वर गेली. मग भिंग बाजूला केलं.

कृष्णात लहान असताना त्याला खुरपं लागलं होतं, डावी भुवई मधे तुटलेली होती, हे मला काल कळलं. फिल्ममधल्या जवानाची भुवई अखंड आहे.

 सुभेदार मिशीवरनं हात फिरवत राहिले. शेवटी राहीबाईच बोलली. रडली नाही. "ह्यो वळत हुता तवा माजा किस्ना हुता बाबा. थांबवला, आन् दुसऱ्याचा झाला."

सुभेदार म्हणाले, वैनी, उजेडाचा घोळ असंल, आपण पाठवून तर बघू. तिनं मान हलवली. मग आत गेली आणि चुलीपुढं बसली. चूल पेटलेली नव्हती.

मी उठून बांधापर्यंत आलो.  लीलाबाई मागून आली. ती जे बोलली ते जसंच्या तसं लिहितो, कारण यापुढे कधी मला स्वतःचं काही खरं वाटायला लागलं तर मी हे पान काढून वाचणार आहे.

ती म्हणाली, "सक्रातीला त्यांचा पलटणीतला जोडीदार आला हुता, गुंडा. त्येच्या मांडीवर गेलं ते. वरनं गोळं पडत हुतं, तितंच ठिवून बाकीच्यांस्नी मागं यावं लागलं. म्या कुनाला बोलले न्हाई. आत्याबाई अन्न सोडून बसल्या हुत्या. आन् तुमच्या पडद्यावर ते सोंग आलं. म्या पैल्याच रोजी वळीखलं, ह्यो न्हवं. पर त्या जेवाय लागल्या, तर म्हनलं ऱ्हाऊ द्या. सुभेदारांनी चित्र पाठवलं आस्तं तर तिकडनं उत्तर आलं आस्तं, ह्यो तुमचा न्हवं. म्हून तुमास्नी थांबवाय सांगितलं. तुमी जाळलंसा, तवा म्या देवापुढं साखर ठिवली."

मी बांधावर खाली बसलो. 

"आता कुनी काय म्हनलं आस्तं तरी आत्याबाईंचं बगितलेलं कुनी काढून घेतलं नसतं," ती म्हणाली. "तुमी येकदा मला इचाराय पायजे हुतं."

रागानं बोलली असती तर बरं झालं असतं.

गुरुवार, ता. २१ डिसेंबर

झोप नाही. महिनाभर मी ज्या गोष्टीबद्दल स्वतःला शिव्या देत होतो, तेवढीच एक चांगली गोष्ट माझ्या हातून झाली होती. आणि जी गोष्ट पुण्याची म्हणून केली, ती करायला गुरूच्या घरी चोरी केली.

मी ती फिल्म राहीबाईसाठी आणली का? खरं लिही. माझ्या मनाची टोचणी जावी म्हणून आणली. तिनं पुन्हा डोक्यावर हात ठेवावा म्हणून आणली. ती ओव्या म्हणते, जेवते, हे मला दिसत होतं, मी स्वतः या वहीत लिहिलंय, तीन तारखेला. लिहिलं आणि वाचलं नाही.

शनिवार, ता. २३ डिसेंबर

काल न्यूजच्या वेळेला राहीबाई आली. मला वाटलं होतं आता कधी यायची नाही. न्यूज कालव्याच्या कामाची होती, नंतर गुरांना लस टोचण्याची. तिनं ती शेवटपर्यंत बघितली आणि मग धुळ्याला सांगून मला बाहेर बोलावलं. बरोबर लीलाबाई होती, तिचं कपाळ मोकळं, हातांत बांगड्या नव्हत्या.  म्हणजे सुनेनं सगळं सांगितलं.

राहीबाईनं विचारलं, ती पट्टी कुठाय? मी वहीतनं काढून दिली. हातात न घेता तिनं नुसतं बघितलं.

"कुनाचा तरी हाय की ह्यो," ती म्हणाली. "त्येची आय बी आसंल बसली कुटंतरी तुमच्यासारक्याच्या तंबूत. जितनं आनलायसा तितं ठिवून या."

मी म्हटलं, रविवारीच जातो.

सोमवार, ता. २५ डिसेंबर

काल सांगलीला गेलो. अण्णा यंत्राला तेल घालत होते. मी पट्टी त्यांच्यापुढे टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं, झडप हातानं धरली होती तेसुद्धा. त्यांनी तेलाची नळी खाली ठेवली, चष्मा लावला, पट्टी उजेडाला धरली.

म्हणाले, रीळ मंगळवारीच मुंबईला गेलं. तिथं पाच-सहा महिन्यांनी जुनी रिळं छाटतात. काही मोडीत जातात, काही आणखी कुठल्या कुठल्या जिल्ह्यांत फिरायला जातात, ते कुठे जाईल हे तिथल्या माणसालाही सांगता यायचं नाही. तरी मी नंबर घालून पत्र लिहितो.

मी विचारलं, अण्णा, तुमच्या लक्षात आलं होतं का?

"पाठवायच्या आधी रीळ बोटांवरनं घेतलं तेव्हाच," ते म्हणाले. "सांधा चांगला केला होतास. मीच शिकवलेला. म्हटलं, येशील सांगायला." मग त्यांनी जेवायला थांब म्हटलं, दिवस अजून वर होता. मी थांबलो नाही.

शनिवार, ता. ३० डिसेंबर. वडूज.

काल शुक्रवार, नवी न्यूज. आता मी चहा घेत नाही. भोकातून पडदा बघत नाही, खाली बसलेली माणसं बघतो, कोणी उठून उभं राहतंय का. कोणी उठलं नाही. राहीबाई पुढे बसली होती, एकटीच आली होती. लीलाबाई माहेरी गेली म्हणून धुळा सांगत होता.

अण्णांचं पत्र आलं. मुंबईचं उत्तर आलं नाही, येईल असं दिसत नाही असं लिहिलंय. खाली एक ओळ, पट्टी जपून ठेव, ओलाव्यानं चिकटते.

ती या पानातच ठेवली आहे, पातळ कागदात गुंडाळून. रीळ कुठल्या तरी गावी लागलं आणि त्या जवानाची आई समोर बसलेली असली, तर तिला मुलगा ट्रकमध्ये चढताना दिसेल. खांदा टाकून वळायला लागेल, आणि लगेच ट्रक निघालेला दिसेल. आपलीच पापणी लवली, असं तिला वाटेल. मधलं हसू माझ्या वहीत आहे.